हात केल्याशिवाय

पहिली ट्रॅम —

थांबली नाही. दुसरीही नाही. लिस्बनच्या आमच्या चढावर तो खांबासारखा उभा. पाठीला पिशवी, चेहऱ्यावर विश्वास.

मी कॉफीच्या टपरीतून बघत होते. तिसरीही गेली, तेव्हा राहवलं नाही.

"अहो, हात करा ना."

"कोणाला?"

"ट्रॅमला. त्याशिवाय ती थांबत नाही."

तो डेलियू. भर अटलांटिकातल्या आसोरेशच्या एका बेटावरचा. तिकडे म्हणे रस्त्याकडेला माणूस दिसला की बस आपणहून थांबते, वर चालक आईची खुशालीही विचारतो. मी म्हटलं, हे शहर आहे, इथे मागावं लागतं.

पुढच्या ट्रॅमला त्याने हात केला... जहाजाला निरोप द्यावा इतका उंच. ट्रॅम चालवणाऱ्या मेन्देशकाकांनी ब्रेक दाबला. आणि हा चढलाच नाही. म्हणाला, कॉफी राहिलीय.

कॉफी त्याने सांगितलीच नव्हती.

मधल्या ट्रॅम —

नदीपलीकडे नावा बांधायच्या कारखान्यात त्याला काम मिळत होतं. बेटावर मामाचाही कारखाना होता. कुठलं घ्यायचं ते ठरेपर्यंत तो इथे राहिला, आणि मी त्याला शहर शिकवलं. खिडकी कुठल्या बाजूची धरायची. गर्दीत पिशवी पोटाशी कशी घ्यायची. उतारावरच्या गुळगुळीत दगडांवर कसं चालायचं — माझा दंड धरून. हे शेवटचं त्याचं त्यानेच शोधलं.

'अहो' कधी गळालं, कळलंच नाही.

मग एका संध्याकाळी, टपरीवर जाकारांदाची जांभळी फुलं टपटपत असताना —

"जासिंता, मी इथेच राहू का?"

मला म्हणायचं होतं... मी कप पुसत राहिले.

"तुझी मर्जी."

तो हसला. मला वाटलं, समजलं त्याला. मी समोर उभी आहे, दिसतेय. आणखी काय हवं?

आजची ट्रॅम —

थांब्यावर कोणी नव्हतं, म्हणून मेन्देशकाका वेगात होते. खिडकीत डेलियू. मांडीवर पिशवी. बेटावर परतायच्या विमानाला निघालेला. माझ्याकडे बघत होता, नुसता बघत होता.

आणि मी? खांबासारखी उभी. चेहऱ्यावर विश्वास.

हातात ओलं फडकं होतं. तोच हात वर गेला.

ब्रेक करकरला. मेन्देशकाकांनी मान बाहेर काढली. "कुठे जायचंय गं?"

"कुठेच नाही. तुमच्या गाडीत माझा माणूस बसलाय."

डब्यात कुजबुज झाली. डेलियू खिडकीतून म्हणाला, "फडक्याने हात करतात होय?"

"उतर ना," मी म्हटलं. "राहा इथेच. मी... मागतेय."

मागे गाड्या खोळंबल्या. तो पायरीवर आला, तिथेच थबकला. मेन्देशकाकांनी त्याला काही विचारलं नाही. मला विचारलं,

"सोडू का?"

पिशवी आधी उतरली. मग तो.

"सोडा," मी म्हटलं.