आधी आवाज, मग नाव

जपानच्या हमामात्सूत हिवाळ्याचा कोरडा वारा सुटला की माणसं तिरकी चालतात. तशा वाऱ्यात सायकल ढकलत नारुसे काका चिगुसाच्या दारात आले, ते भांडायच्या तयारीनेच.

"पोरी, तुझ्या त्या नव्या फोरमने जीव नकोसा केलाय! लिहायची जागा कुठे गेली? आणि तो अंगठा कसला? काल ओकाबेच्या निधनाच्या बातमीवर दाबला गेला माझ्याकडून. त्याच्या बायकोला काय वाटलं असेल?"

"निम्म्या लोकांनी दाबलाय काका. आत या आधी, चहा घ्या."

हा फोरम होता 'हिबारी' मोटरसायकलवाल्यांचा. एके काळी या गावात गल्लोगल्ली मोटरसायकली बनायच्या. त्यातलाच हिबारी हा एक छोटा कारखाना. चार-सहा वर्षं चालला आणि मिटला. पण त्याच्या गाड्यांवर जीव टाकणारी येडी माणसं देशभर उरली. त्यांना एकत्र आणलं चिगुसाच्या वडिलांनी, इसोगाई जिंपाचींनी. तरुणपणी ते त्या कारखान्यात चाचणीस्वार होते. फाटकाबाहेर पडणारी प्रत्येक हिबारी पहिल्यांदा त्यांनीच पळवलेली. म्हणून फोरमवर नियमही त्यांचाच: नव्या माणसाने आधी आपल्या इंजिनचा आवाज टाकायचा, मग नाव सांगायचं. आवाज ऐकून जिंपाची घरबसल्या गाडीचं दुखणं सांगत.

आता जिंपाचींना स्वतःची लेकही ओळखू येत नव्हती. चिगुसाला ते 'ताई' म्हणत, अगदी अदबीने, परक्या बाईला म्हणावं तसं. फक्त फोरमवरचा त्यांच्या स्वतःच्या हिबारीचा जुना आवाज लावला की मान वर व्हायची आणि ते म्हणायचे, "चिगु, चोक ओढलास का गं?"

त्या एका हाकेवर चिगुसा जगत होती. गाडी तर मागच्या शेडमध्ये कधीचीच जाम होऊन पडलेली. उरला होता तो आवाजच.

आणि नेमकं फोरमची जुनी वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीने दुकान बंद केलं. चिगुसाने सगळं नव्या सॉफ्टवेअरवर हलवलं. लेख आले, फोटो आले. आवाजही आले, पण मुके. बटण दाबलं की रेघ पुढे सरकायची आणि ऐकू काहीच यायचं नाही. वेगळी प्रत काढून ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तोवर जुनी वेबसाइट पुसली गेली होती.

"बाबांनी हाक मारली नाही त्याला तीन आठवडे झाले," चहा ओतताना ती म्हणाली. काकांनी नजर वळवली. भांडण तिथेच विरलं.

मग एका सकाळी क्यूशू बेटावरच्या कुमामोतोहून त्सुबोउचींनी लिहिलं: माझा आवाज परत आलाय, पण यात ढवळाढवळ कुणी केली? मी गाडी अंगणात उभी ठेवून ध्वनिमुद्रण केलं होतं. हे तर पळतंय.

झालं! मंडळींना तेवढंच हवं होतं. कुणी म्हणे सॉफ्टवेअर आवाज दाबतंय, कुणी म्हणे कार्बोरेटरला पेट्रोल जास्त होतंय. एकाने तर त्सुबोउचींना तेल बदलायचा सल्ला दिला.

त्सुबोउचींनी उत्तर दिलं: अहो, माझी गाडी पुरात वाहून गेली. कोणतं तेल बदलू?



नारुसे काकांचा जन्म मालट्रक चालवण्यात गेलेला. त्यांनी चिगुसाकडे बसून, कोटात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईत पाय घालून तो आवाज ऐकला. इंजिनचा ठोका अचानक घुमायला लागला, भिंती जवळ आल्यासारखा, आणि मग खोलवरून वर चढत गेला. संत्रं सोलता सोलता काकांचे हात थांबले.

"हा कानमोनचा बोगदा. समुद्राखालचा. शेकडो वेळा गेलोय मी यातून. पोरी, ही गाडी क्यूशू सोडून निघालीय."

दुसऱ्या दिवशी त्याच आवाजात पूल होता. त्यापुढच्या दिवशी पाऊस. एकेक करत बाकीचे आवाजही जागे झाले. निगाताच्या गाडीखाली बर्फ कुरकुरत होता. कोबेच्या गाडीशेजारून समुद्र चालला होता. चिगुसा भोळीभाबडी नव्हती. तिने सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं. त्यांचं उत्तर आलं: तुमच्या सगळ्या ध्वनिफाइल रिकाम्या आहेत, आमच्याकडे त्यात काहीच दिसत नाही.

"हे सगळे इकडे येतायत," काका म्हणाले. त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा झाला होता.

जिंपाचींची फाइल तेवढी मुकी होती. चिगुसा ती रोज त्यांच्या कानाशी धरायची. "थंड आहेत हो हात तुमचे, ताई," ते म्हणायचे.

काकांनी ऐकून ऐकून हिशेब मांडला आणि फोरमवर टाकला: रविवारी, दुपारच्या सुमाराला गाड्या पोचतील. माणसं खरंच आली. त्सुबोउची बुलेट ट्रेनने आले, काहीजण आपापल्या हिबारीवर. जुन्या कारखान्याच्या जागी आता हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाचं पार्किंग आहे, तिथे जमली. सगळी पिकली पानं, हातात फोन धरून, वाऱ्यात डोळे बारीक करून उभी. चिगुसाने वडिलांची चाकाची खुर्ची मधोमध ठेवली आणि त्यांच्या गळ्यातला मफलर नीट केला.

"कुणाचं लग्न आहे का?" जिंपाचींनी विचारलं.

प्रत्येक फोनमधून आपापला रस्ता ऐकू येत होता. मग सगळ्या फोनमध्ये एकच घंटी वाजली. एन्शू रेल्वेचं फाटक. ते तर इथून दोन गल्ल्या सोडून!

वारा पडला.

आवाज फोनमधून येतोय की रस्त्याच्या वळणावरून, हे सांगता येईना. डांबर थरथरत होतं. सामानाची ढकलगाडी घेऊन निघालेली एक बाई जागीच थांबली आणि तिने छातीवर हात ठेवला.

आल्या. दिसलं कुणालाच काही नाही. पण प्रत्येकाला आपली गाडी गुडघ्याजवळून गेलेली कळली. त्सुबोउची रडत होते आणि हसतही होते. "माझीच आहे हो! तोच ठोका! अहो, माझीच!"

नारुसे काकांनी टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढली.

जिंपाची खुर्चीत ताठ झाले होते. हात वर करून ते एकेकीला आत घेत होते.

"झडप घट्ट आहे. चालेल. ही उत्तम. ही दमलीय बिचारी, येऊ दे."

एकेक इंजिन बंद होत गेलं. एकेक फोन गप्प झाला.

शेवटी चिगुसाच्या हातातला फोन जागा झाला. संथ, भरदार, तोच आवाज. ती खुर्चीपुढे बसली.

"बाबा. मी कोण?"

ते कान देऊन ऐकत राहिले. चेहरा किती तरुण दिसत होता! मग त्यांनी उजवा हात पुढे केला, हवेत किल्ली फिरवावी तसं मनगट वळवलं, आणि इंजिन थांबलं.

वारा पुन्हा सुटला. कमरेत वाकून एकमेकांचा निरोप घेत माणसं पांगली.

घरी आल्यावर तिने वडिलांना गरम उदोन, जाड शेवयांचं सूप, वाढलं. त्यांनी चवीने खाल्लं, वाटी ठेवली आणि अदबीने म्हणाले, "फार छान झालंय हो ताई. तुम्ही इथल्याच का?"

"हो," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे तिने तोंडात पदराचा बोळा कोंबावा तसा ॲप्रन कोंबला आणि पोटभर रडली. मग निदान इंजिन तरी ऐकावं म्हणून फाइल पुन्हा लावली.

इंजिन नव्हतं. खडीवर बऱ्याच बुटांची ये-जा होती. कुणीतरी मोठ्याने हसत होतं. मग चाकांवर सरकणाऱ्या लोखंडी फाटकाची करकर. पार्किंगला फाटक नाही, आणि खडीही नाही; ती होती जुन्या कारखान्याला. पाठीमागच्या खोलीत तिचे वडील चहाचे घोट घेत होते. ते तिला ऐकू येत होतं.

फोनमध्ये त्यांचाच आवाज आला, पंचविशीतला, खणखणीत.

"अरे थांबा, लावू नका फाटक! माझी चिगु यायचीय अजून."