आधी हात करू नये

ईरी शहरात सरोवराकाठचा लाकडी घोड्यांचा जुना चक्रीपाळणा हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार. सफरचंदाच्या उकळत्या सायडरचा वास, बोचरा वारा, कठड्याला खेटून उभे आईबाप. टेसाला पाच वर्षं पूर्ण झाली होती. घोड्यावर एकटीनं बसायची मुभा आता मिळाली होती. तिला तपकिरी घोडा हवा होता. रोझाननं लेकीच्या कमरेचा पट्टा ओढून पाहिला. मग पुन्हा ओढून पाहिला.

"बाई, लाकडाचा आहे तो, पळून नाही जायचा!" पाळणा चालवणारी म्हातारी मिसेस डोम्ब्रोस्की हसली. "उतरा आता. आणि हात तिनं केल्यावरच करा हं. आधी नाही."

"का हो?"

"इथली रीतच आहे तशी."

रोझानला हसू आलं. शिकल्यासवरल्या बाईनं असलं काय मनावर घ्यायचं?

बाजा सुरू झाला, पाळणा फिरू लागला. पहिल्या फेरीला टेसा "ए आई!" म्हणून ओरडली, तिनं हात केला. रोझाननंही केला. टेसाच्या मागचा काळा घोडा रिकामाच फिरत होता.

पुढच्या फेरीला टेसानं दांडा दोन्ही हातांनी कवटाळला होता. ओठ पांढरे पडलेले. घाबरली की काय पोर! रोझानला राहवेना. धीर द्यायला तिनंच आधी हात हलवला.

उत्तराला हात हलला. पण टेसाचे दोन्ही हात दांड्यावरच होते. हलला तो मागच्या काळ्या घोड्यावरून.

त्यानंतरच्या फेरीला काळ्या घोड्यावर लाल लोकरी टोपी दिसली, टेसाची होती तशीच. टोपीखालचा चेहरा हसत होता. तोही टेसाचाच.

"थांबवा! अहो, थांबवा ना!"

पाळणा आपल्या वेळेलाच थांबला.

फाटकातून टेसा धावत आली आणि कमरेला बिलगली. "आई, कसली मज्जा आली! चल घरी."

रोझानचा जीव भांड्यात पडला. तिनं लेकीचा हात हातात घेतला. हात गारठलेला होता.

मिसेस डोम्ब्रोस्की मान खाली घालून बाहेर पडायचं फाटक लावत होती. "आधी हात केलात ना?" ती पुटपुटली.

रोझाननं वर पाहिलं.

तपकिरी घोड्यावर टेसा बसलेलीच होती. ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

रोझान झेपावली. तिच्या मनगटाभोवती इवली बोटं आवळली गेली, सुटेनात.

"आई, चल ना."

पुढच्या खेपेसाठी एका बापानं तोच तपकिरी घोडा रिकामा समजून आपल्या मुलाला उचलून त्यावर बसवलं. पोरगं खोगिरात जरा पुढे सरकलं, मागच्या कुणाला जागा करून द्यावी तसं.