शिकाऊ हाड

तिसऱ्या मजल्यावर लंगडायला मनाई होती. लहान मुलांच्या हाडांच्या त्या रुग्णालयात बाकी कुठेही कसंही चाला; पण तिसऱ्या मजल्यावर पायात काटा रुतलेला पाहुणासुद्धा चाकाच्या खुर्चीतूनच आत यायचा.

नथ्थूजी ढेंगे अकरा दिवस तसेच खुर्चीतून येत होते. ते लाइनमन होते. चाळीस वर्षांपूर्वी विजेच्या खांबावरून पडून उजवा खुबा मोडला, तो वाकडाच जुळला आणि पाय आखूड राहिला. आता त्यांची पाच वर्षांची नात कस्तुरी इथे होती. तिच्या मांडीतलं जन्मतः वाकडं हाड काढून डॉक्टरांनी तिथे ‘शिकाऊ हाड’ बसवलं होतं, आणि पोरगी पाऊलच टाकत नव्हती. आईने विनवलं, नर्सनी फुगे दाखवले. तिचं आपलं एकच, “आबाजीचा हात धरून चालीन.”

“मंग धरू द्या ना, मॅडम,” नथ्थूजी म्हणाले.

डॉक्टर पांढरीपांडे त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. “आबाजी, नवी चामड्याची चप्पल काय करते?”

“चावते.”

बाई हसल्या. “आणि मग?”

“मंग पायाचा आकार घेते.”

“हे हाड तसंच. कस्तुरीच्याच हाडाच्या पेशी आम्ही एका मऊ जाळीत वाढवल्या. ती चालेल तेव्हा जिथे भार पडेल तिथे पेशी चुना धरतील, बाकीची जागा सोडून देतील. नव्वद दिवस हाड असं शिकतं. मग वळण पक्कं. पोरगी वाढेल तसं हाडही वाढेल, पण वळण जन्मभर तेच.”

“अन् माझं काय आडवं येते त्याच्यात?”

“मूल चालायला पायांनी शिकत नाही, डोळ्यांनी शिकतं. ज्याचा हात धरतं त्याची चाल उचलतं. ऑपरेशनआधी कस्तुरी झोका देत चालायची ना? त्यातला अर्धा झोका तिच्या हाडाचा होता. अर्धा तुमचा.”

नथ्थूजींनी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. आपण कुणाला काही शिकवलं असेल, असं त्यांना आजवर वाटलं नव्हतं.

“ती चाललीच नाई तर?”

“भार नसेल तर हाड धरणार नाही. काढावं लागेल. आणि दुसऱ्यांदा ते बसत नाही.”

“मले सरळ चालता येते,” नथ्थूजी म्हणाले. “चाललो नाई कधी, एवढंच.”

चार दिवस ते तळमजल्यावर दोन दांड्यांना धरून चालले. उजव्या बुटात दोन बोटं जाड पट्टी घातली. पाचव्या दिवशी खुर्ची खालीच ठेवून ते वर आले.

कस्तुरीने त्यांना खालून वर न्याहाळलं. “आबाजी, कोणाचे पाय लावून आला?”

“भाड्यानं आणले. चल लवकर, मीटर पडून राह्यलं.”

ती खिदळली आणि हात धरून उभी राहिली. पहिल्या दिवशी खाटेपासून खिडकीपर्यंत. महिन्याभरात अख्खा व्हरांडा, रोज दोन हजार पावलं. वाटेत गोष्टी, भेंड्या, आणि ‘हळू चाल, म्हातारा पळून राह्यला का कुठं?’ अशी आबाजींची दटावणी. डॉक्टर रोज विचारायच्या, “दुखतं का?” नथ्थूजी म्हणायचे, “नाई. लाइनमनचं हाड हाय.”

नव्वदाव्या दिवशी एक्स-रेत हाड सरळ दिसलं. आईने अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. डॉक्टरांनी मात्र नथ्थूजींना एकट्यांना आत बोलावलं. पडद्यावर कस्तुरीच्या पावलांचा आलेख होता.

“चाल छान आहे. पण दर दहाव्या पावलाला ती क्षणभर भार रोखते. हाडात तशी बारीक खाच तयार झालीय. तिला काही दुखत नाही, पुढेही दुखणार नाही.” त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. “आबाजी, दर दहाव्या पावलाला काय व्हायचं?”

नथ्थूजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“खुब्यात कळ ये. जीव जाये, मॅडम. तिले समजू नये म्हणून मी तिच्याकडं पाहून हासून देत होतो.”

“आता ते पुसता येणार नाही,” डॉक्टर हलकेच म्हणाल्या.

दार उघडंच होतं. व्हरांड्यात कस्तुरी कुणाचाही हात न धरता चालत होती, पाठ ताठ, पावलं सरळ. दहाव्या पावलाला ती किंचित थबकली आणि वर, जिथे कुणीच नव्हतं तिथे बघून गोड हसली.

मग पुढे चालू लागली.