सावली नसलेली रेघ

"आई, हे काय करताय तुम्ही!"

उत्तरा स्वयंपाकघराच्या दारातच थबकली... जन्मभर सोवळं सांभाळलेल्या तिच्या सासूबाई, माई, चक्क पोळ्यांच्या उलथन्याने पाठ कराकरा खाजवत होत्या, आणि दचकून वळलेले त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते!

"लघवी लाल होते का? शौचाला पांढरट?" उत्तराने विचारलं.

"शिव शिव! असलं विचारतात होय कुणाला? गिरीश बघेल."

गिरीश, उत्तराचा नवरा, सर्जन होता. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात उत्तरा मार्कांत त्याच्या पुढे होती. पण शिकागोत आल्यावर घर, मूल आणि त्याची रेसिडेन्सीची उमेदवारी एवढं सगळं एकदम मावेना, तेव्हा तिने इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी आणलेल्या आपल्या पुस्तकांची खोकी निमूटपणे बेसमेंटमध्ये नेऊन ठेवली. त्याला आता आठ वर्षं झाली होती. नागपूरहून दोन महिन्यांपूर्वी आलेल्या माई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत, "घरात डॉक्टर एकच, माझा गिरीश. ही घरीच असते." आणि उत्तरा हसून चहा ठेवी...

हॉस्पिटलात निदान झालं. पित्ताची वाट अडली होती, बहुधा कॅन्सरच्या गाठीने. सोमवारी मोठं ऑपरेशन!

उत्तराने सोनोग्राफीच्या फिल्म्स खिडकीशी धरल्या. पित्तनलिकेत एक लांब रेघ होती. खडा असता तर मागे काळी सावली पडली असती. या रेघेला सावली नव्हती. आणि मंगळवारी वर असलेली रेघ गुरुवारी खाली सरकली होती. गाठ कुठे अशी चालते? नागपूरच्या वॉर्डातल्या खाटा तिच्या डोळ्यांपुढे आल्या; तिथे असली रेघ तिने पाहिली होती. तिने गिरीशला कॉफी आणायला पिटाळलं आणि माईंचा हात हातात घेतला.

"आई, नागपूरला कधी जंत पडला होता का?"

माईंचा चेहरा आक्रसला. डोळे भरून आले. "श्रावणात... चांगला वीतभर. कुणाला म्हणून सांगितलं नाही गं! इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना कळलं, तर मी तोंड कुठे लपवू?"

"डॉक्टरांना सांगावंच लागेल. पण घरी येणाऱ्यांना माझ्या तोंडून कळणार नाही. शब्द देते."

गिरीश परतला तेव्हा ती दारातच उभी होती. "ऑपरेशन थांबव. आधी तोंडातून दुर्बीण घालून बघायला सांग. पित्तनलिकेत जंत शिरलाय."

"इथे, अमेरिकेत? उत्तरा, प्लीज! यू आर नॉट इन प्रॅक्टिस!"

"नाहीये. का नाहीये, ते तुला ठाऊक आहे."

आठ वर्षांत प्रथमच ती हे बोलली होती... गिरीशची मान खाली गेली. त्याने फोन उचलला.

सोमवारी दुर्बिणीतून जिवंत जंत बाहेर आला! तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरने सगळ्या शिकाऊ पोरांना गोळा करून तो दाखवला. त्यानेही आजवर पुस्तकातच पाहिला होता.

पुढच्या रविवारी मंडळातल्या शोभाकाकू मुगाची खिचडी घेऊन आल्या. डोळ्यांतला पिवळेपणा ओसरत चाललेल्या माई सोफ्यावर टेकून बसल्या होत्या. "काय निघालं हो शेवटी?" काकूंनी विचारलं.

"खडा होता, काकू," उत्तरा पटकन म्हणाली. "बारीकसा."

माईंनी सुनेकडे पाहिलं. मग त्या ताठ बसल्या.

"खडा कसला! जंत होता. माझ्या पोटात, चांगला वीतभर! इथल्या एवढ्या डॉक्टरांना कळला नाही, आमच्या गिरीशलाही नाही. हिने ओळखला. माझी सून डॉक्टर आहे, शोभाताई!"

उत्तराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आई, अहो, मी शब्द दिला होता ना... कशाला सांगितलंत?"

"वेडी की काय तू? खडा कुणीही ओळखला असता!" माईंनी पदराने तिचे डोळे पुसले आणि खणखणीत हाक मारली, "गिरीश! हिच्या पुस्तकांची खोकी वर आण. तिला परीक्षेला बसायचंय. स्वयंपाकाचं मी बघेन... तेवढं एक नवं उलथनं आणा म्हणजे झालं!"