कॅप्टन मल्हारचा शेवटचा फर्मा

एकशे शहात्तरावं पान संपलं आणि पुढे थेट पुठ्ठा होता.

लताबाई अहिरेंनी पान उलटसुलट करून पाहिलं. 'मल्हारने यानाचं दार उघडलं आणि' इथे मजकूर तुटला होता. आणि काय? त्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. 'आणि'वर थांबणाऱ्या मुलीला त्या बाकावर उभं करत.

त्या तडक वाचनालयात निघाल्या. चाळीसगावच्या त्या वाचनालयाच्या ओट्यावर आधीच वीसेक माणसं तावातावाने बोलत होती. 'ध्रुवयान'च्या पहिल्या भागात कॅप्टन मल्हार मोडक्या यानासह अंतराळात एकटा भरकटत राहिला होता. तो जगला की मेला, यावर याच ओट्यावर तीन वर्षं भांडणं झाली होती. दोघांची तर बोलचाल बंद होती. आता अठ्ठ्याऐंशी साली दुसरा भाग आला होता. वाचनालयाने एकदम तीन प्रती घेतल्या होत्या आणि तिन्ही प्रती एकशे शहात्तरावर संपत होत्या.

"पहिल्या भागाची सर नाही याला," कुणीतरी म्हणालं. "तो यंत्रमानव किती बोलतो!"

"आणि मेलेला खलनायक पुन्हा उठवला. ही काय रीत झाली?"

"ते राहू द्या हो, कॅप्टनचं काय झालं ते सांगा!"

ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पुस्तक विकत घेऊन वाचणारा माणूस त्या गावात अजून जन्माला यायचा होता.

वाचनालयाचे अध्यक्ष नानासाहेब पानं चाळत गरजले, "हा कौतिकचा उद्योग! दुसरा भाग काढायलाच नको होता असं इथेच बसून म्हणाला होता तो. रविवारी सभेत त्याचं काम बंद. वर पोलिसांत तक्रार."

कौतिक म्हणजे बुकबाइंडर. नवं पुस्तक आलं की आधी त्याच्याकडे पक्क्या बांधणीला जायचं आणि मगच वाचकांच्या हाती पडायचं. अठरा वर्षं हे काम त्याच्याकडे होतं.

"पुरावा?" लताबाईंनी विचारलं.

"पुरावा कसला? पुस्तकं त्याच्याकडेच होती!"

"रविवारपर्यंत मला द्या, नाना. ही प्रतही माझ्याकडेच असू द्या."

नानासाहेबांनी हात झटकला. लताबाईंनी तो होकार धरला.

कौतिकचं दुकान स्टेशनकडच्या गल्लीत होतं. खळीच्या वासात तो मान खाली घालून बसला होता. हातातलं काम सुटलं होतं.

"फर्मे किती आले होते तुझ्याकडे?"

"अकरा उनात, अकरा शिवात. मी काय वाचीसन शिवस का, ताई?"

फर्मा म्हणजे सोळा पानांची एक जुडी. हे पुस्तक एकशे ब्याण्णव पानांचं, म्हणजे बारा फर्म्यांचं. अनुक्रमणिकेत शेवटचं प्रकरण एकशे सत्त्याहत्तरावर दाखवलं होतं.

"शिवल्यावर काय करतोस?"

"तीन बाजू कापतो यंत्रावर, मग पुठ्ठा चढवतो." त्याने डोळे पुसले. "ताई, चोर ठरलो तर शाळाबी काम देणार नाही. कोर्टबी नाही. मी खाऊ काय?"

लताबाईंना त्याच्यासमोर बसवेना. त्या पुन्हा वाचनालयात आल्या.

तोताराम हा तिथला कारकून. इस्त्रीची टोपी, पुस्तकाला हात लावण्याआधी धुतलेले हात. तीस वर्षांत त्याच्याकडून एक पुस्तक हरवलं नव्हतं.

"तोतारामभाऊ, पुस्तकं आल्यावर काय केलंत?"

"नेहमीचंच. सोमवारी जळगावहून पार्सल आलं. शिक्के मारले, नंबर टाकले आणि बुधवारी कौतिककडे पाठवली."

"शिक्के कुठे मारता?"

"पहिलं पान, एकविसावं आणि शेवटचं. हा नियमच आहे."

"बांधणी होऊन आल्यावर पुन्हा मारता?"

"दोनदा कशाला मारू?"

"शिक्का असतो कुणाकडे?"

त्याने कमरेची किल्ली दाखवली. "पेटीत. किल्ली एकच."

ऊन मी म्हणत होतं. लताबाई पाणी मागायला मागच्या खोलीत गेल्या. तोताराम आणि त्याची बायको भिकुबाई तिथेच राहत. भिकुबाईची दृष्टी गेली होती आणि ती खाटेला खिळली होती. खाटेशेजारची खिडकी ओट्यावर उघडायची, त्यामुळे तिथला शब्दन् शब्द तिला ऐकू यायचा. तोताराम तिला रोज संध्याकाळी पुस्तक वाचून दाखवी. त्यांचा मुलगा पुना पाच वर्षांपूर्वी स्टेशनवरून गाडीत बसला तो गेलाच. त्याचं पत्रसुद्धा आलं नव्हतं.

"ताई, कप्तान घर उना बरं!" भिकुबाई म्हणाली. "भुक्या व्हता. येताच कयन्यानी भाकर मांगी त्यानी. मना पुना बी असाच येई."

"येईल की," लताबाई म्हणाल्या. कयन्याची म्हणजे कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर खानदेशात घरोघरी होते. त्यांनी पाणी अर्धंच प्यायलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून त्या जळगावला गेल्या. पुस्तकाच्या दुकानात त्यांनी उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण वाचलं. दुकानदार दोनदा खाकरला, पण त्यांना ऐकू आलं नाही. परतीच्या गाडीत आपल्याजवळची प्रत उघडून त्या एकशे शहात्तरावं पान पाहत बसल्या. हे आपण शोधून काढायला नको होतं, असंही त्यांना वाटून गेलं.

रविवारी त्यांनी हट्टच धरला. सभा वाचनालयात नको, कौतिकच्या दुकानात हवी. नानासाहेब कुरकुरत आले, त्यांच्यासोबत कमिटीचे दोघे होते. मागोमाग तोताराम आला.

"पुस्तकाचं शेवटचं पान बघा, नाना," लताबाई म्हणाल्या. "काय दिसतं?"

"वाचनालयाचा शिक्का. त्यात काय?"

"शिक्का शेवटच्या पानावर मारतात. शेवटचं पान एकशे ब्याण्णव. मग तो एकशे शहात्तरावर कसा?"

नानासाहेबांनी चष्मा वर केला.

"कौतिकने फर्मा काढला असता, तर ब्याण्णवावरचा शिक्का फर्म्यासोबत गेला असता आणि शहात्तरावं पान कोरं राहिलं असतं."

"बांधणीनंतर मारला असेल कुणी."

"शिक्क्याची कड बघा. कापली गेलीय. एकविसाव्या पानावरचीही तशीच कापलीय. कौतिकचं यंत्र फिरलं तेव्हा दोन्ही शिक्के कागदावर होते. म्हणजे पुस्तकं इथे आली तीच अकरा फर्म्यांची. जळगावच्या दुकानातली प्रत पुरी बारा फर्म्यांची आहे, मी पाहिली. आणि कौतिककडे येईपर्यंत पुस्तकं फक्त शिक्क्याची किल्ली असलेल्या माणसाकडे होती."

सगळ्यांच्या माना तोतारामकडे वळल्या.

"फर्मे काढल्यावर शिक्का मारायची गरज नव्हती, तोतारामभाऊ. पण शेवटचं पान कोरं सोडवेना तुम्हाला. तीस वर्षांची सवय."

तोतारामने टोपी काढली. तो कौतिकसमोर हात जोडून उभा राहिला.

"का पण?" नानासाहेब ओरडले.

"शेवटच्या प्रकरणात कॅप्टन मरतो," लताबाईंनी सांगितलं. "साऱ्या गावात कुणाला शेवट माहीत नव्हता. भिकुबाईला तेवढा माहीत होता, आणि तोही पुस्तकात नसलेला."

"ती म्हणते, कॅप्टन आला तर आपला पुनाही येईल," तोताराम कसाबसा बोलला. "मी तिला खोटं वाचून दाखवलं हो, पण ओट्यावर तुम्ही सगळे! एकाने शेवट वाचला की दुसऱ्या मिनिटाला खिडकीतून तिच्या कानात. आज ना उद्या कळणारच होतं. मला तो उद्या हवा होता. कौतिकवर आळ येईल हे सुचलंच नाही, आणि आल्यावर तोंड उघडायची हिंमत झाली नाही. मी नीच आहे." त्याने पिशवीतून तीन फर्मे काढले. "फाडवले नाहीत."

फर्म्यांच्या शेवटच्या पानांवरही शिक्के होते.

कौतिकने फर्मे ओढून घेतले, कडा जुळवल्या आणि सुईत दोरा ओवला.

"चारचौघांत माझी माफी मागा, भाऊ," तो म्हणाला. "तेवढं पाहिजे मला. आणि नाना, महिनाभर ती वाचणारी मंडळी माझ्या दुकानासमोर बसू द्या. ओटा रिकामा ठेवा."

नानासाहेबांनी मान डोलावली. तक्रारीचं नाव कुणी काढलं नाही.

तोताराम कौतिकजवळ थांबला. लताबाई एकट्याच मागच्या खोलीत गेल्या.

"सापडी गया का फर्मा?" भिकुबाईनेच विचारलं.

लताबाई दचकल्या.

"ताई, अंतराळना कप्तानले कयन्यानी भाकर कोठेन माहीत? ती मना पुनानी भाकर शे. वाचता वाचता यासना आवाज भरी उना, तवयच माले समजनं. कप्तान मरी गया."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

भिकुबाईने चाचपत त्यांचा हात धरला.

"पुनाना बाप रोज स्टेशनवर गाडी देखाले जातस. मी नही, त्याच वाट देखी राह्यनात." बाहेर तोतारामच्या चपला वाजल्या तशी ती कुजबुजली, "माले माहीत शे, हाई त्यासले सांगू नका."