हिरव्या ठिपक्याची काच

चष्मिस या यंत्रमानवाने सकाळपासून प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ट्रेभर काचांची चित्रं काढली. सगळी लख्ख आली. धूसर आलं ते एकच, कुंजलच्या बाबांच्या काचेचं! असं का व्हावं?

बाबांच्या मानेतल्या गाठीचा चिमूटभर तुकडा त्या काचेवर होता. चित्र पाहून दूरच्या शहरातले डॉक्टर आज सांगणार होते, गाठ साधी की वाईट.

"नमुना खराब. तुकडा पुन्हा काढावा," चष्मिसने जाहीर केलं.

दाराशी बाकावर बसलेल्या बाबांचा हात मानेवरच्या पट्टीकडे गेला. "पुन्हा कापणार?"

शर्मिष्ठाआत्या, म्हणजे बाबांची बहीण, इथली तंत्रज्ञ. तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचा, तो रंगवून झाकणकाचेखाली ठेवायचा, हे तिचं काम. चष्मिस आला तेव्हा आपली खुर्ची जाणार, असा तिने धसका घेतला होता. तिचा समज दूर करण्याचे कष्ट चष्मिसने घेतले नव्हते.

"माझा काप चांगला आहे," आत्या म्हणाली.

"नातेवाईक असंच म्हणतात."

कुंजलने काच उजेडात धरली. "आत्या, हा हिरवा ठिपका कसला? बाकीच्या काचांवर नाही."

आत्याने काच हातात घेतली. "मीच दिलाय. पूर्वी काचा पेटीतून डॉक्टरांकडे जायच्या. घाईची काच असली की संशयाच्या जागेवर पेनाने ठिपका द्यायचा, म्हणजे डॉक्टर आधी तिथेच बघायचे. दादाची काच, हात आपोआप गेला."

"चष्मिस, तू फोकस (अंतर जुळवून चित्र स्पष्ट करणं) कशावर धरतोस?" कुंजलने विचारलं.

"जिथे रंग गडद, कड ठळक, तिथे."

"म्हणजे ठिपक्यावर!" कुंजलने खिडकीच्या तावदानावर बोट टेकवलं. "बोटाकडे बघितलं की बाहेरचं झाड पुसट होतं. तसंच झालं. ठिपका झाकणकाचेच्या वर आणि बाबांच्या पेशी (शरीराचे अतिसूक्ष्म घटक) खाली."

"मधलं अंतर अगदीच नगण्य आहे," चष्मिस कुरकुरला.

"इतक्या जवळून बघणाऱ्याला तेवढंही पुष्कळ," आत्या म्हणाली. तिने स्पिरिटच्या बोळ्याने ठिपका पुसला. दुसरं चित्र आलं. कापाला घडी नाही ना, कडेचा भाग सुटला नाही ना, हे पडद्यावर नीट पाहूनच तिने ते पाठवलं.

दुपारी डॉक्टर पडद्यावर आले. "साधी सूज आहे. औषधाने उतरेल."

बाबांनी पट्टीवरचा हात काढला. "आता भूक लागली," ते म्हणाले. सकाळचा डबा तसाच होता.

आत्याने हिरवं पेन खणात टाकलं आणि चष्मिसची शिकवणी सुरू केली. शाई, धूळ, हवेचा बुडबुडा कसा दिसतो ते दाखवलं. नमुन्याला नावं ठेवण्याआधी तंत्रज्ञाला विचारायचं, हेही बजावलं.

पुढच्या आठवड्यात कुंजल आली, तेव्हा चष्मिस म्हणत होता, "आत्या, काचेवर काहीतरी आहे. जरा बघता का?"

"मी तुझी आत्या कधीपासून?"

"विचारायला लागलो तेव्हापासून."