दोन डावी मडगार्डं

मी दार ओढलं, तर दारानं मलाच ओढलं!

भंगाराचा तो ढीग माझ्या डोक्याहून उंच होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी पाय रोवून पुन्हा एक हिसका दिला, तसा पलीकडून आवाज आला, "अहो, हळू... मी पण आहे इथं!"

ढिगावरून एक डोकं वर आलं. चष्मा, कपाळावर गंजाचा पट्टा, आणि चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखं हसू.

"हे दार मला हवंय," मी म्हणाले.

"मलाही."

"गाडी कुठली तुमची?"

त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हे टेम्पोचं दार आहे!"

"असं का?... मग तुम्हाला कशाला हवंय?"

"पत्रा चांगला आहे, कापून वापरीन. आम्ही जुन्या गाड्यांचे गेलेले भाग हातानं बनवतो. बाबा आणि मी."

हे ऐकलं आणि त्यानं आपलं टोक झटकन सोडलं. मी दारासकट चिखलात बसले. तो धावत आला, हात दिला, आणि हसू दाबायचा इतका जिवाच्या आकांतानं प्रयत्न करायला लागला की शेवटी मलाच हसू फुटलं. खरं तर मला राग यायला हवा होता. माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात कुणालाही विचारा.

तिसऱ्या दिवशी तो गाडी घेऊनच आमच्या शेडमध्ये हजर! म्हणजे दुसऱ्या गाडीवर लादून. व्यवसायानं दातांचा डॉक्टर. ती गाडी त्याला एका पेशंटनं दिली होती, कवळी छान बसली म्हणून.

"त्यांच्याकडे हिच्यात कोंबड्या राहायच्या," तो म्हणाला.

"ते कळतंय," मी नाकाला रुमाल लावून म्हणाले.

बाबांनी दाराच्या खालच्या कडेला बोटानं टिचकी मारली. बोट आरपार गेलं. गाडीच्या तळाची जमीन गेलेली, दारं अर्धी गेलेली, पुढचं डावं मडगार्ड चाळणीसारखं, आणि उजवं तर जागेवर नव्हतंच. बाबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्याकडे वळले.

"ही तुझी. पहिल्या पत्र्यापासून शेवटच्या पत्र्यापर्यंत. मी हात लावणार नाही. नीट झाली तर शेडच्या किल्ल्या तुझ्या."

सात वर्षं मी हे वाक्य ऐकायला कान टवकारून बसले होते! त्या आनंदात मी डॉक्टरांना हे पण विचारलं नाही की रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून इथं यायची तुम्हाला काय गरज आहे.

तो रोज यायला लागला. आधी नुसता बसायचा. मग मी हातात पॉलिश कागद दिला. मग पत्रा धरायला लावलं. मोगरीनं वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकायचा, मग यंत्राच्या दोन पोलादी चाकांच्या मधून मागे-पुढे, मागे-पुढे सरकवत त्याला गोलाई आणायची... दुसऱ्या टोकाला धरणारा माणूस शहाणा लागतो. हा शहाणा होता. नुसतं बोट फिरवून सांगायचा, "इथं केसभर उंच आहे." आणि खरंच असायचं.

"गंजलेलं सगळं कापून टाकता?" एकदा त्यानं विचारलं.

"चांगला पत्रा लागेपर्यंत. वरून पुट्टी फासली की वर्षभरात परत फुगतं."

"आमच्याकडेही अगदी असंच. कीड ठेवून वर भरलं की..." तो थांबला. "तुमची डावीकडची दाढ दुखते ना?"

"तुम्हाला काय माहीत?"

"महिनाभर बघतोय. बिस्कीट नेहमी उजवीकडून खाता."

"पेशंट शोधायला येता वाटतं इथं?"

"पेशंट शोधायला नाही येत," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. माझी मोगरी बोटावर बसली. बाबा लांबून खाकरले.

पाऊस आला की मग तर मजाच. शेडच्या पत्र्यावर असा धडाधडा आवाज व्हायचा की बोलायचं तर अगदी कानाशी यावं लागायचं. त्या दिवसांत आम्हाला एकमेकांशी बोलायला फार विषय सुचायचे. "खिळा द्या" एवढंसुद्धा तो माझ्या कानाशी येऊन सांगायचा, आणि खिळे तर त्याच्याच खिशात असायचे!

जमीन झाली. दारं झाली. डावं मडगार्ड झालं, इतकं देखणं की आईनंही येऊन त्यावरून हात फिरवला. आणि त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "एक तारखेला निघायचंय मला. तीन तासांवर एक हॉस्पिटल आहे, तिथं रुजू व्हायचंय. गाडी झाली की तिच्यातूनच जाईन. नाहीच झाली, तर पंधरा तारखेपर्यंत थांबू देतील ते."

मी झालेलं मडगार्डच परत घासायला लागले.

"वा! छान," मी म्हणाले. आणि रात्रभर उशीला शिव्या घातल्या.

राहिलं होतं एकच काम. उजवं मडगार्ड. आठ दिवसांचं. रेंगाळावं म्हटलं, तर बाबांना माझा वेग तोंडपाठ. आजारी पडावं, तर आई काढा पाजणार. आता ऐका, मी काय केलं ते. डाव्या मडगार्डचा पुठ्ठ्याचा साचा तयार होता. उजव्यासाठी तो फक्त उलटा करून पत्र्यावर ठेवायचा असतो. मी तो उलटा केला नाही. सुलटाच ठेवला, पेन्सिल फिरवली, पत्रा कापला आणि त्याच बाजूनं ठोकायला घेतला. बाबा तर हात लावायचा नाही म्हणून लांबच असायचे. दुसरं डावं मडगार्ड! शेवटी म्हणायचं, अय्या, चूक झाली. मग पुन्हा आठ दिवस. तेवढ्यात तो काही बोलला तर बोलला... नाही तर माझं नशीब.

सगळा हिशोब पक्का होता. फक्त बाबांचा चेहरा मी हिशोबात धरला नव्हता.

मडगार्ड बसवायला उचललं त्या दिवशी डॉक्टर समोरच उभा होता. बाबांनी एका नजरेत ओळखलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच स्टुलावर बसले.

"डावं-उजवं चुकलं तुझं?" ते म्हणाले. "सात वर्षं माझ्या हाताखाली काढून? अगं, हे पहिल्या आठवड्यातली पोरंसुद्धा करत नाहीत." मग खिशातल्या किल्ल्या चाचपत, "किल्ल्यांचं... बघू पुढं."

मी मान खाली घातली होती. ठरलेलं वाक्य जिभेवर होतं. चूक झाली, बाबा. एवढंच तर म्हणायचं होतं! पण ते तोंडातून बाहेर येईना. कुणी मला भांडखोर म्हणा, आगाऊ म्हणा, पण माझ्या हाताला नाव ठेवलेलं मी ऐकून घेत नाही.

"चुकलं नाही!" मी ओरडले. "मला डावं-उजवं कळतं! मुद्दाम केलं मी!"

"मुद्दाम? पत्रा वाया घालवलास? कशासाठी?"

"हा जाऊ नये म्हणून!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग छताकडे. "मी... जरा चहाचं बघून येतो," म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चहाचं बघायला गेले.

मला वाटलं, त्या कोंबड्यांच्या गाडीतच शिरून बसावं.

"मला शनिवारीच कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"की हे डावं होतंय."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही उजवं केलं असतं." तो खाली बघत होता. "आणि मला निघावं लागलं असतं."

"म्हणजे चार दिवस मी घाम गाळून ठोकतेय आणि तुम्ही शेजारी बसून बघताय!"

"बघत होतो... पण मडगार्डकडे नाही."

मी उगाच मोगरी उचलून फडक्यानं पुसायला लागले.

"जावं तर लागेलच," तो म्हणाला. "शब्द दिलाय. पण वर्षभरच. मग परत दवाखाना इथंच. तोवर दर शनिवारी येईन, तीन तासांचा तर रस्ता."

"या गाडीनं पाच."

"पाच तर पाच." त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझ्याशी... लग्न कराल?"

हो अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर ते नको असलेलं मडगार्ड पडलं होतं, आणि त्याच्याकडे बघत आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट बोलायची मला लाज वाटली.

"आधी उजवं करते," मी म्हणाले. "मग सांगते."

आठ दिवसांचं काम मी सहा दिवसांत केलं. प्रत्येक घावासरशी त्याचं जाणं जवळ येत होतं. जीव तुटत होता, पण एक घाव वाकडा पडू दिला नाही. त्याला माझ्या हातचं देऊन पाठवायचं, तर ते बघून माझी आठवण यावी असंच द्यायचं.

सातव्या दिवशी आम्ही दोघांनी मडगार्ड उचलून जागेवर टेकवलं. बाबांनी फटीत नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खिशातून किल्ल्या काढल्या आणि माझे दोन्ही हात गुंतलेले बघून माझ्याच खिशात टाकल्या.

"आता हाताखालचा माणूस मी," म्हणाले आणि पाना घेऊन गाडीखाली सरकले.

त्यानं पुढून धरलं होतं, मी मागून. मध्ये ती सगळी गोलाई. तो पुढं वाकला.

"आता तरी सांगशील?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"हो."

"हो म्हणजे... सांगणार आहेस, की..."

"अरे, हो! करते लग्न! हो, हो, हो!"

तो माझ्याकडे यायला निघालाच, तेवढ्यात गाडीखालून बाबांचा आवाज आला.

"जावईबापू, धरून ठेवा! अजून एकही नट लागलेला नाही!"